जागा ऊन असताना

माझं काम लोकांच्या पोटात डोकावण्याचं. जालन्यात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं सोनोग्राफी सेंटर आहे. दिवसभर मुतखडे, अपेंडिक्स, सुजलेली यकृतं, आणि मधूनमधून गरोदर बायका. मुलगा की मुलगी ते इथे सांगितलं जात नाही अशी पाटी दारावर आहे. तरीही कोणी विचारलं, तर मी त्याला पाटीखाली उभं करून ती मोठ्यानं वाचायला लावते. मी तुसडी आहे अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे.

माझं नाव रजनी. माझा नवरा नरहर बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांवर काम करतो, म्हणून आमचं घर बदनापूरला, आणि मी रोज बसनं जालन्याला येते. आम्हाला मूल नाही. तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा टिकले नाहीत, आणि पुढे गाठींमुळे गर्भाशयच काढून टाकावं लागलं. त्याचं दुःख झालं, भरपूर झालं. पण रोज दुसऱ्यांची बाळं बघायची तर ते दुःख घरी ठेवून यावं लागतं, आणि मला ते जमत होतं.

ही गोष्ट मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सुरू झाली. त्या महिन्यातले गुरुवार मला आवडत नाहीत. बायका महालक्ष्मीचा उपास धरून रिकाम्या पोटी येतात, पोटातली बाळं मरगळलेली असतात, आणि पाचव्या महिन्याच्या तपासणीला तर बाळ हललं पाहिजे. त्याचं हृदय, पाठीचा कणा, ओठ, बोटं, सगळं एकेक करून बघायचं असतं. बाळ आडमुठेपणा करत असेल तर मी बाईला सांगते, जा, काहीतरी गोड खा, जिन्यावर दोन चकरा मार आणि ये. दहातल्या नऊ बाळांना एवढ्यानं अक्कल येते.

त्या दिवशी अंकुशनगरहून दैवशाला नावाची मुलगी आली होती. नवरा मच्छिंद्र तिथल्या साखर कारखान्यात कामाला. पहिलटकरीण, पाचवा महिना. हसतमुख. तिनं उपास धरला नव्हता, म्हणून मी खूश होते.

हृदयावर आले आणि माझा हात थांबला. उजवे कप्पे नीट होते, डावा मात्र नावापुरता होता. अशा बाळाला जन्मल्याबरोबर शस्त्रक्रिया लागते, एक नाही, दोन-तीन लागतात, आणि तरी खात्री नसते. मग डावा हात दिसला. अंगठा आणि करंगळी, मध्ये काहीच नाही.

तो हात त्यानं चेहऱ्यासमोर धरला होता, तळवा बाहेर करून, आपण उन्हात धरतो तसा. ओठ बघायचे म्हणून मी पोटावर फिरवायचा प्रोब दुसऱ्या बाजूनं लावला. हात त्या बाजूला आला. वरून लावला, हात वर गेला. पोटातल्या बाळाला प्रोब दिसत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याचा चेहरा काही मला बघता आला नाही.

मी त्या दोघांना समजेल अशा भाषेत सांगितलं आणि संभाजीनगरच्या एका हृदयतज्ज्ञाकडे पाठवलं. कायद्यानं गर्भ पाडता येण्याची मुदत कधी संपते तेही सांगितलं, कारण सांगावंच लागतं. बाहेरच्या बाकावर दैवशाला किती तरी वेळ रडत होती. "दोनच बोटं हायेत म्हणत्यात," असं ती फोनवर आईला सांगत होती, ते आत ऐकू येत होतं.

एरवी दोन पेशंटच्या मध्ये आमची मदतनीस, बेबीनंदा, टेबल पुसते, चादर बदलते. त्या दिवशी तिचाही उपास. ती चक्कर येते म्हणून खाली चहा घ्यायला गेली होती. बाहेर आष्टीची मंडळी परतूरची गाडी चुकेल म्हणून घाई करत होती, आणि दैवशाला टेबलावरून उठताच मी त्यांच्या सुनेला तिथेच झोपवलं. आकांक्षा तिचं नाव. तिलाही पाचवाच. बाळाची पाठ वर होती, काही धड दिसेना. मी नेहमीसारखं गोड खायला सांगितलं, तर सोबतची सासू पुढे झाली. नाकात ठसठशीत नथनी, अंगावर जाड सोनं, घर खात्यापित्या शेतकऱ्याचं.

"आज गुरुवार हाय मॅडम. पूजा झाल्याबिगर ती काही खाणार न्हाई."

"मग बाळ वळणार नाही, मावशी."

"न्हाई वळू दे. पुन्हा येऊ."

आणि त्या निघून गेल्या. तपासणी अर्धवट राहिली.

आठवड्याभरात मच्छिंद्र आला. एकटाच आला आणि बसला नाही.

"मॅडम, आम्ही पाडायचं ठरवून बसल्तो," तो म्हणाला. "तिथल्या डाक्टरनं पाच बोटं मोजून दाखवली. दोन्ही हाताची. दिल बी बराबर हाय म्हणला. आम्ही जल्दी केली असती तं? सांगा ना, काय झालं असतं?"

दैवशालाला बोलावून मी स्वतः पुन्हा बघितलं. बाळानं मला मोठी जांभई देऊन दाखवली. पाच बोटं, पुन्हा पाच बोटं, हृदयाचे चार कप्पे घड्याळासारखे चाललेले. हे वेगळंच बाळ होतं. गर्भ एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत असं म्हणतात, पण इतकी वर्षं हेच बघणारीला येतात. पहिल्या तपासणीची चित्रं मशीनमध्ये तशीच होती, दैवशालाच्या नावानं, दोन बोटांची. कंपनीचा माणूस येऊन मशीन तपासून गेला, दोष निघाला नाही.

"पाट्यांची अदलाबदल झाली असेल," नरहर रात्री जेवताना म्हणाला. "आमच्याकडे प्लॉटच्या पाट्या बदलतात कधीकधी. या वाणाच्या शेंगा त्या वाणाच्या नावावर."

"बाईच्या पोटाला पाटी नसते," मी म्हणाले आणि ताटावरून उठले. एक निरोगी मूल माझ्या सहीमुळे मारलं गेलं असतं. मी घाबरले होते.

मग आकांक्षा आली, राहिलेली तपासणी पुरी करायला. मी प्रोब लावला, आणि ते तिथे होतं. अंगठा आणि करंगळी. तळवा बाहेर. चेहरा झाकलेला. डावा कप्पा तसाच नावापुरता, फक्त बाळ जरा वाढलेलं, मधल्या दिवसांत वाढेल तेवढंच.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काय दिसलं ते न सांगता संभाजीनगरच्या त्याच तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली. पण मशीनचं चित्र दाखवणारा भिंतीवरचा पडदा सासूला दिसत होता. गोजरबाई नाव त्यांचं. त्या पुढे येऊन पडद्याच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या.

"हे त्या पोरीचं हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बाहेर रडत व्हती, तिचं."

"असं काही नसतं, मावशी."

"ती उठली आन तुम्ही हिला लगेच निजवलं. आमच्यात बरोबरीच्या दिवसांची पोटुशी उठली, तं तिच्या जाग्यावर दुसरी पोटुशी बसत न्हाई. जागा ऊन असती. हात फिरवायचा, गार होऊ द्यायची, मंग बसायचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई का?"

मी त्यांना बाहेर बसायला सांगितलं, जरा जोरातच. आकांक्षा पोटावरचं जेल पुसत होती. ती इतक्या हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"मॅडम, माझं उजवीकडं लाथा मारायचं. आता त्या दिवसापासून डावीकडं कोणतरी बसून राह्यलंय. हलत न्हाई. झोपत बी न्हाई. मला कळतं ते झोपत न्हाई म्हणून."

"पहिल्या खेपेला असं वाटतं."

"मंग माझं कुठंय?"

संभाजीनगरचा अहवाल चार दिवसांत आला. यावेळी तज्ज्ञाला तेच दिसलं होतं जे मला दिसलं. डावी बाजू अविकसित, डाव्या हाताला दोन बोटं. मशीन निर्दोष होतं, मी निर्दोष होते, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. आकांक्षाच्या मुदतीचे थोडेच दिवस उरले होते. गर्भ पाडला तर कोणाचा पडणार होता? हा प्रश्न डॉक्टरनं विचारायचा नसतो. मी तो बसमध्ये, जेवताना, दात घासताना विचारत होते.

त्याच आठवड्यात दुपारी गोजरबाई पुन्हा आल्या. सोबत आकांक्षा होती आणि तिसरी एक मुलगी, काटकुळी, हातात बिस्किटांचा पुडा, पोट दिसणारं. त्यांच्या सालगड्याची, पुंजारामची सून.

"हिची बी करून टाका," गोजरबाई म्हणाल्या. "गरीबाची पोर हाय, मी खर्चा करते. आधी आमची घ्या, मंग लगेच हिची. बिलकुल येळ नका लावू मधी."

"कितवा गं तुला?" मी त्या मुलीला विचारलं.

"वहिनीसाहेबांच्या बरोबरचंच," ती म्हणाली. तिला आनंद झाला होता. जालना तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं आणि मोठ्या बाईंनी तिला गाडीत पुढे बसवलं होतं.

मला सगळं एकदम समजलं, आणि इतका संताप आला की कानशिलं तापली. एकीच्या पोटातलं दुसरीच्या पोटात सारायचं, आणि दुसरी कोण, तर जिला विचारायचीही गरज नाही ती.

पण माझी गोची झाली होती. गोजरबाईंचं म्हणणं खुळचट असेल, तर त्या मुलीला टेबलावर घेण्यात काही वाईट नव्हतं. उलट तिची तपासणी झालेलीच नव्हती, व्हायला हवी होती. नाही म्हणाले तर मी ते मानते असा अर्थ होत होता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

मी आकांक्षाला आत घेतलं. गोजरबाई मागोमाग आल्या आणि दारात त्या मुलीचा दंड धरून उभ्या राहिल्या.

खोलीत अंधार केला. बाळ तिथेच होतं, तसंच. मी बघितलं, हृदयाचे ठोके मोजले. हात चेहऱ्यावर होता, पण करंगळीच्या बाजूला थोडी फट होती.

ते त्या फटीतून बघत होतं, असं मला वाटलं. वाटलं, एवढंच मी म्हणेन.

"झालं," मी म्हणाले. "ऊठ, आकांक्षा."

आकांक्षा उठली. गोजरबाईंनी त्या मुलीला पुढे ढकललं. "चल, जल्दी. चप्पल ऱ्हाऊ दे."

"थांबा," मी ओरडले.

मुलगी दचकून थांबली. बेबीनंदा चादर घेऊन आली होती, तिलाही मी हातानं अडवलं. चष्मा काढून ठेवला आणि टेबलावर आडवी झाले.

"मॅडम, हे काय करून राह्यल्या?" बेबीनंदा म्हणाली.

"दाखवतेय यांना." मी कुर्ता वर केला, स्वतःच जेल लावलं. "मावशी, माझं गर्भाशय काढून टाकलंय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बघा पडद्यावर. तुमच्या डोळ्यांनी बघा आणि या पोरीला पुन्हा असं कुठे घेऊन जाऊ नका."

गोजरबाईंनी मुलीचा दंड सोडला.

टेबलाचं रेक्झिन ऊन होतं. माणूस उठल्यावर राहतं त्याहून जास्त. ती ऊब पाठीखाली पसरली, कमरेपाशी आली आणि तिथे राहिली.

मी प्रोब टेकवला. मूत्राशय. आतडी. जिथे माझं गर्भाशय होतं तिथे आतड्याची वेटोळी. उजवीकडे नेला, डावीकडे नेला.

काही नाही. अर्थातच काही नाही.

मला हसू आलं. मग, का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. खोलीत कोणीच हसलं नाही.

नंतर मी टेबल पुसून घेतलं, पंखा लावला आणि जागा पुरती गार होईपर्यंत थांबले. असं का केलं, ते मला कोणी विचारलं नाही. मग आकांक्षाला पुन्हा झोपवलं.

पडद्यावर एक बाळ अंगठा चोखत होतं. पाच बोटं. नाक, ओठ, सगळं उघडं. चार कप्पे. आकांक्षानं एकदम पोटाची उजवी बाजू धरली आणि मोठ्यानं रडायला लागली. पुंजारामच्या सुनेची तपासणी मी दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला नंबर लावून केली. तिचंही सगळं नीट होतं.

त्या दुपारी निघताना गोजरबाईंनी मला हात जोडले. माझ्या चेहऱ्याकडे मात्र बघितलं नाही. दारातून त्या वळल्या.

"जिना जपून उतरत जा, बाई," एवढंच म्हणाल्या.

यानंतर सांगण्यासारखं काही घडलं नाही. माझं वजन वाढलं नाही. कपडे तेच होतात. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी मी दार लावून स्वतःची सोनोग्राफी करते आणि रोज पडदा रिकामा असतो. बेबीनंदा मला हल्ली खुर्चीसुद्धा सरकवू देत नाही, पण ती मुळातच मायाळू आहे. नरहर एकदा म्हणाला, "तू डाव्या कुशीवरच झोपतेस आजकाल. पूर्वी पालथी झोपायचीस." मी म्हणाले, वय झालं.

मार्चमध्ये मी हैदराबादच्या एका लहान मुलांच्या हृदयाच्या दवाखान्यात फोन केला. डावी बाजू अविकसित असलेलं बाळ जन्मल्यावर किती तासांत तिथे पोहोचायला हवं, सोबत काय काय लागेल, ते सगळं विचारून घेतलं. पलीकडच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं.

"अजून ठेवलेलं नाही," मी म्हणाले.

हे नरहरला मी सांगितलेलं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला तिघीही मोकळ्या झाल्या. दैवशालाचे पेढे मच्छिंद्र स्वतः घेऊन आला, आणि मी काही म्हणायच्या आत माफी मागून गेला. आष्टीहून आकांक्षानं बाळाचा फोटो पाठवला, पुंजारामच्या नातवाचाही पाठवला. दोन्ही बाळं धडधाकट. मी फोटो मोठे करून बोटं मोजली. मनापासून आनंद झाला. मग मोबाईल उलटा करून ठेवला, कारण एक बाळ अजून यायचं राहिलं होतं, हे मला माझं नाव माहीत असावं तितकं स्पष्ट माहीत होतं.

त्या आठवड्यात बदनापूरच्या बाजारात गेले. ऊन रणरणत होतं. एक अनोळखी म्हातारी टरबुजांचा ढीग लावून बसली होती. मी एक निवडलं आणि उचलायला वाकले, तशी ती लगबगीनं उठली आणि तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"आवं, तुम्ही कशाला उचलून राह्यल्या असल्या दिवसात?"

"उन्हाचं काही नाही हो," मी म्हणाले. "सवय आहे."

"उन्हाचं कोण म्हणतंय?" तिनं टरबूज पिशवीत घातलं आणि पिशवी रिक्षापर्यंत न्यायला स्वतःच निघाली. दोन पावलं जाऊन माझ्यासाठी थांबली. माझ्या पोटाकडे तिनं एकदाच बघितलं, बाजारातल्या बायका बघतात तसं, सहज. "दिवस भरत आले की. बाळंतपणाला माहेरी जाणार का हितंच?"

आजूबाजूला बायका भाजी घेत होत्या. कोणी वळूनही बघितलं नाही.

"इथेच," मी म्हणाले.